वाढई, खाती आणि आपल्या हातातली हत्यारं



आम्ही लोहाऱ्याहून बोलतोय. यवतमाळला लागून असलेलं, एमआयडीसीचं लोहारा. असं सांगावं लागतं, कारण महाराष्ट्रात लोहारा नावाची गावं बरीच आहेत, आणि त्यातल्या दुसऱ्या एका लोहाऱ्याकडे आज आपल्याला जायचंच आहे.

गावाच्या नावात लोहार आहे, म्हणून आज हत्यारांबद्दल बोलायचं ठरवलं. लढाईची नव्हेत, घराची. वाकस, करवत, रंधा, पटाशी, हातोडी, कानस. हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं कोणी विचारेल. गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी येते तेव्हा आम्ही कारण लिहून घेतो. बियाणं, दवाखाना, शाळेची फी हे असतंच. पण मधूनच एखादी हळू आवाजात सांगते, "दाराची कडी तुटली आहे." घरात दुसरं मोठं माणूस नाही, एका कडीसाठी मिस्त्री येत नाही, आणि रात्री दाराला आतून पाटा टेकवून झोपावं लागतं. कडी स्वस्तच असते. ती बसवायला चार स्क्रू, एक गिरमिट आणि अर्धा तास पुरतो. मग ते गिरमिट बाईच्या हातात का नाही? ते कोणी काढून घेतलं, की कधी दिलंच नव्हतं?

हे शोधायला मागे जावं लागतं, आणि आपल्या विदर्भात तर फारच मागे जाता येतं. नागपूर जिल्ह्यात माहुरझरी आणि नैकुंड इथे मोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. ती जुन्या लोकांची दफनं. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या वर्षांत तिथे खोदकाम केलं, तेव्हा मातीच्या भांड्यांसोबत लोखंडाच्या कुऱ्हाडी, वाकस, छिन्न्या निघाल्या. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. अडीच हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. त्या कुऱ्हाडींची एक गंमत सांगतो. आपल्या कुऱ्हाडीला दांडा घालायला नेढं असतं. त्या कुऱ्हाडी सपाट होत्या, भोक नसलेल्या. मग लोखंडाच्या पट्ट्या आडव्या-तिडव्या गुंडाळून पातं दांड्याला जखडायचे. म्हणजे ज्या माणसांना नेढं पाडायची युक्ती अजून हाती आली नव्हती, त्यांनीही लाकूड तासायचं, घर उभारायचं थांबवलं नव्हतं. मेलेल्या माणसासोबत त्याची कुऱ्हाड पुरायची, इतकं त्या हत्याराचं मोल होतं.

तिथून पुण्याकडे कार्ल्याच्या लेण्यात चला. एकवीरा आईच्या दर्शनाला गेलेल्या बाया तिथे जाऊन आल्या असतील. चैत्यगृहाच्या छताला सागाच्या लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागच्या जागी. दाराशी ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या कारागिराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केलं, असं तो सांगतो. त्याच्या नावापुढे त्याचा धंदा लिहिला आहे: वढकी. संस्कृतात वर्धकी. आणि आपण विदर्भात सुताराला काय म्हणतो? वाढई. दोन हजार वर्षं तोच शब्द चालत आपल्या अंगणापर्यंत आला. पश्चिम महाराष्ट्रातल्या मैत्रिणींना तो ऐकून हसू येतं, पण जुना शब्द आपला आहे. त्याच लेण्यात दान देणाऱ्यांच्या नावांत बायका आहेत, भिक्षुणी आहेत. पैसा देणारी बाई दगडावर लिहिली गेली. हत्यार धरणारी बाई मात्र आम्हाला तिथल्या लेखांत दिसली नाही.

पुढे गावगाडा आला. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' नावाचं पुस्तक १९१५ साली निघालं, त्यात बलुत्याची सगळी रीत लिहिली आहे. वाढई आणि लोहार हे पहिल्या ओळीचे बलुतेदार, कारण त्यांच्यावाचून शेती हलत नाही. वाढयाने तिफण, वखर, डवरा, बंडी नीट ठेवायची, खात्याने पास आणि खुरपं धारेला लावायचं, आणि खळ्यावर धान्य घ्यायचं. रोख पैशाचा व्यवहार नाही. आता यात आपण कुठे होतो? तर सगळीकडे. धान्य उफणून सुपाने मोजून देणारी बाईच. पोळपाट कलतो, रवीचं फूल फुटलं, जात्याचा खुंटा ढिला झाला, मुसळाची वसवी निघाली, हे वाढयाला बोलावून सांगणारीही तीच. काम नीट झालं की नाही, हे वापरणारीलाच कळतं. पण नांगराचं काम आधी, रवीचं नंतर. पेरणीच्या दिवसांत तुटलेला पाळणा महिनोन्महिने तसाच पडून राही. बलुत्याच्या जुन्या दिवसांची फार गोड आठवण काढतात लोक. आम्हाला ती रीत तेवढी गोड वाटत नाही. त्यात माणसाचं काम जन्मानेच ठरलेलं होतं, आणि बाईची पाळी शेवटी येत होती.

लोहाराच्या घरात जरा वेगळं चित्र होतं, आणि ते अजून रस्त्याच्या कडेला बघता येतं. पालं ठोकून राहणारे घिसाडी आपल्याकडे येतात. ऐरणीपुढे नवरा बसतो, सांडशीने तापलेलं लोखंड धरतो, लहान हातोडीने कुठे मारायचं ते दाखवतो. समोर उभी राहून घण घालते ती बाई. सगळ्यात जड हत्यार तिच्या हातात. भात्यावरही बहुधा बाई किंवा पोरगी. भाता हे हलकं काम नव्हे. खुरप्याला पाणी द्यायचं म्हणजे लोखंड लाल तापवून एकदम पाण्यात बुडवायचं. तेवढ्याने ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा हलकी आच देऊन धारेवर चढणारा रंग बघतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग निळा. कोणत्या रंगावर थांबायचं यावर खुरपं टिकणार की वाकणार हे ठरतं, आणि आच जास्त-कमी करणारा हात भात्यावरचा. तरी विचारा, हे खुरपं कोणी केलं? नाव नवऱ्याचंच येईल.

वाढयाच्या घरात मात्र बायकोने वाकस-रंध्याला हात लावायची रीत नव्हती. बाईची ताकद कमी म्हणून, असं कारण देतात. घण घालणारी बाई बघितली की ते कारण टिकत नाही.

बसण्याचीही गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून काम करायचा. लाकूड पायाच्या तळव्याने आणि बोटांनी दाबून धरायचं, दोन्ही हात हत्याराला मोकळे. त्याची करवत स्वतःकडे ओढताना कापायची. जपानातली करवत आजही तशीच कापते. इंग्रजी करवत पुढे ढकलताना कापते, आणि ती ढकलायला उंच टेबल लागतं, लाकूड घट्ट धरायला शेगडा लागतो. इंग्रज साहेबांना बसून काम करणारा सुतार आळशी वाटला आणि त्यांच्या शाळांतून टेबल आलं. आता तुम्ही रोज सकाळी विळीवर कशा बसता ते आठवा. पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात मोकळे, वस्तू पात्यावर आणायची. सुताराची बैठक आणि आपली बैठक एकच. टेबल नाही म्हणून सुतारकाम जमणार नाही, हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आपला जिल्हा कापसाचा, म्हणून एका लाकडी यंत्राची गोष्ट आम्ही सविस्तर सांगणार आहोत. सरकी काढायची हातचरकी. दोन रूळ एकावर एक घट्ट बसवलेले. मध्ये कापूस घातला की रुई पुढे ओढली जाते आणि सरकी अलीकडे गळून पडते. खरी करामत रुळांच्या टोकाला. दोन्ही रूळ उलट-उलट फिरायला हवेत, म्हणून त्यांच्या टोकांवर लाकडातच मळसूत्र कोरलेलं असे, एकाचे आटे दुसऱ्यात अडकणारे. एक दांडा फिरवला की दोन्ही रूळ फिरत. स्क्रूचं पाकीट आज दुकानात मिळतं, पण भारतातला कारागीर शेकडो वर्षांपूर्वी लाकडात आटे पाडत होता, आणि मळसूत्राची ही जोडी कापसाच्या चरकीवर पहिल्यांदा आपल्याच देशात चालली असं इतिहासकार मानतात. ती कोरायला वाढई लागे. दांडा फिरवायला बाई.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. रेल्वे आली, वाफेवरच्या जिनिंग आल्या. मुर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली लहान रुळांची गाडी, आपली शकुंतला, ती कापसासाठीच. गाडीने कापूस गेला आणि कारखान्याचं स्वस्त लोखंड गावागावांत आलं. घरातली चरकी माळ्यावर गेली. तिच्यासोबत घरबसल्या मिळणारे चार पैसेही गेले, आणि बाया जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या धुळीत मजुरीला उभ्या राहिल्या. यंत्र आलं ते वाईट झालं असं आमचं म्हणणं नाही. हाताने सरकी काढताना बोटं सोलवटायची हेही खरं. पण चरकी घरची होती, तिची दुरुस्ती कोणाकडून करायची हे बाई ठरवत होती. जिनिंगमधलं यंत्र कोणाचं, हे तिला विचारायचंही कारण उरलं नाही.

नवी हत्यारं आली तसे नवे शब्दही आले. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज, बिजागरीही त्यांचीच, गिरमिट इंग्रजांचं. आधी दाराला बिजागरी नसायची. फळीच्याच वर-खाली खुंटीसारखी टोकं ठेवत, खालचं टोक उंबऱ्याजवळच्या खळग्यात आणि वरचं चौकटीतल्या भोकात फिरे. जुन्या वाड्यांत अजून दिसेल. तसूही तेव्हाचा. चोवीस तसूंचा एक गज. गज गेला, मीटर आला, पण "तसूभरही हलणार नाही" असं आपण भांडताना अजून म्हणतो. आणि मिस्त्री लोक अजून सूत सांगतात. एका इंचाचे आठ सूत. हे लक्षात ठेवा, दुकानात उपयोगी पडतं.

१९३० सालचा जुलै महिना आपल्या जिल्ह्यात साध्या विळ्याचा होता. सरकारने जंगलं राखीव केली होती. गवत, सरपण, लाकूड, सगळ्यालाच परवानगी हवी. तेव्हा लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदजवळच्या राखीव रानात गवत कापून कायदा मोडला. समुद्र नसलेल्या विदर्भाचा हा मिठाचा सत्याग्रह. त्याच महिन्यात आपल्या लोहाऱ्याच्या जंगलातही सत्याग्रह झाला. नागपूरहून आलेले डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांना त्यात नऊ महिन्यांची शिक्षा झाली. ज्या विळ्याने आपण रोज बैलाचं गवत कापतो, तो त्या पावसाळ्यात गुन्ह्याचं हत्यार ठरला.

त्याच १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू झालं. ते काढणारे किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी फाळाने जमिनीत विष कालवलं जाईल म्हणून शेतकरी आधी तो घ्यायला तयार नव्हते असं सांगतात. नांगर घडवणाऱ्या लोकांनी बायकांसाठी मासिकही छापावं, ही गोष्ट आम्हाला आवडते. आज हे बोलणं तुम्ही मासिकात वाचाल, म्हणून सांगितलं.

शेजारच्या वर्ध्यात तेव्हा वेगळा प्रयत्न चालला होता. १९३४ च्या अखेरीस गांधीजींनी ग्रामोद्योग संघ स्थापला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव, मगनवाडी हे ठिकाण. १९३८ साली तिथे मगन संग्रहालय उघडलं. अजून आहे, गटाची सहल काढायची तर जरूर जा. चरखे, घाण्या, हातमाग बघायला मिळतात. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यायचं ठरलं. कताई, शेती आणि सुतारकामसुद्धा. मुलांनी शाळेत करवत धरायची, लांबी मोजता-मोजता गणित शिकायचं. फार चांगला विचार. पण त्या आराखड्यातही वरच्या वर्गांत मुलींना गृहविज्ञानाकडे वळवायची सोय होती. चरखा मुलीच्या हातात देणाऱ्यांनाही रंधा द्यायला थोडा वेळ लागला, एवढंच म्हणतो.

आता ते दुसरं लोहारा. धाराशिव जिल्ह्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. लोहाऱ्याच्या परिसरातलं सास्तूरसारखं गाव मातीला मिळालं. तिथली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांचा एकमेकांशी सांधाच नव्हता, म्हणून हादऱ्याने भिंती उभ्या फाटल्या. पुढे सरकारने उभ्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुती करायचा कार्यक्रम काढला. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात लोखंडी गज आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरकं लाकूड ठोकायचं, म्हणजे चौकट लचकत नाही. हे घराघरांत समजावून कोणी सांगायचं? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून तयार केलं. शेकडो गावांत या बाया फिरल्या. इंजिनिअरची भाषा त्यांनी आपल्या भाषेत आणली, सिमेंट-रेतीचं प्रमाण तपासलं, मिस्त्रीला "हा दगड आरपार गेलाच नाही" असं तोंडावर सांगितलं. काही जणी पुढे गवंडीकामही शिकल्या. मिस्त्री रागावले असणारच. पण पुन्हा हादरा बसला तर त्या भिंतीखाली आपलीच लेकरं झोपलेली असणार, हे त्या बायांना ठाऊक होतं, आणि म्हणून त्या हटल्या नाहीत.

सांगायचं हे की हत्यार चालवायला शिकणं ही एक पायरी आहे आणि काम पारखता येणं ही दुसरी. दुसरी पायरी बाईकडे पोळपाटाच्या दिवसांपासून होती. पण तिला बोलायची जागा मिळाली ती भूकंपानंतर.

आजची गोष्ट विश्वकर्मा योजनेची. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारने ती सुरू केली. अठरा कामं त्यात आहेत. सुतार आहे, लोहार आहे, हातोडी आणि हत्यारं बनवणारे आहेत. प्रशिक्षण मिळतं, औजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं, पुढे कमी व्याजाचं कर्ज मिळतं. योजना चांगली, अर्ज करा. पण एक अट नीट वाचा. एका कुटुंबातून एकाच माणसाला लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. आता घिसाड्याच्या पालावर परत चला. ऐरणीवर तो आणि घणावर ती. अर्ज कोणाच्या नावाने होईल? बहुतेक त्याच्याच. मग सरकारी यादीत ती लोहार नाही, लोहाराची बायको. योजनेत बाईला मनाई नाही, हे लक्षात घ्या. म्हणून आम्ही आमच्या बैठकीत एवढंच सांगतो की फॉर्म भरायच्या आधी घरात बसून बोला, नाव कोणाचं टाकायचं. नवऱ्याकडे दुसरं काम असेल आणि भट्टी बाई सांभाळत असेल तर नाव तिचं टाका.

ज्यांच्या घरी हा धंदा नाही, त्यांच्यासाठी आमच्या गटाने एक पेटी केली आहे. विजेवर चालणारं त्यात काही नाही. लाइट गेली तरी काम थांबत नाही, आणि हाताच्या हत्याराने चूक झाली तर ती थोडक्यात होते. पेटीत एक करवत आहे, खिळे उपटायची नखं असलेली हातोडी, हाताने फिरवायचं गिरमिट, दोन पेचकस, पक्कड, इंचाची पटाशी, गुण्या, टेप आणि तीनधारी कानस. रंधा अजून घेतलेला नाही, तो शिकायला वेळ लागतो. करवत बाजारातली, म्हणजे ढकलताना कापणारी. दात कुठल्या बाजूला झुकले आहेत ते बोट लावून आधी बघा. स्क्रू बसवताना आधी त्याहून बारीक भोक पाडा आणि आट्यांना थोडा अंगाचा साबण लावा. सागात तो सरळ जाईल, बाभळीत भोक न पाडता पिळलात तर स्क्रूचं डोकं तुटेल. दांडा बसवायचा तर बाभूळ किंवा धावडा घ्या, साग नको, साग ठोके सोसत नाही. पाचर दांड्याच्या टोकातून ठोकून बसवा, आणि वापरण्याआधी दांडा जमिनीवर आपटून बघा.

पेटीसोबत एक वही आहे. कोणी काय नेलं, कधी परत केलं, सही. आम्हाला वाटलं होतं हातोडी आणि पेचकस सगळ्यात जास्त जातील. वहीत सगळ्यात जास्त सह्या कानशीपुढे आहेत. निंदणाच्या दिवसांत तर ती एका घरी दुसरी रात्र राहत नाही.